लेनॉक्स लुईस कुणाला घाबरत होता?

‘हेवीवेट बॉक्सर लेनॉक्स लुईस तगड्या प्रतिस्पर्ध्यांना टाळत राहिला, रिडिक बो याला तर तो कधी भिडलाच नाही’ हा दावा पुन्हा फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि लुईसवर अन्याय करणारा आहे.

दोघे भिडले होते. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये सुपर हेवीवेटच्या अंतिम लढतीत लुईसने बो याला दुसऱ्याच फेरीत हरवून सुवर्ण जिंकलं. व्यावसायिक लढत झाली नाही हे खरं, पण का? ऑक्टोबर 1992 मध्ये लुईसने बॉक्सर रेझर रडॉकला दोन फेऱ्यांत लोळवून जगज्जेत्याला आव्हान देण्याचा हक्क मिळवला. पुढच्याच महिन्यात बो जगज्जेता झाला. डिसेंबरमध्ये त्याच बोने लंडनमध्ये कॅमेऱ्यांसमोर डब्ल्यूबीसी (वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल) या संघटनेचा विजेतेपदाचा पट्टा कचरापेटीत टाकला. लुईसशी लढण्यापेक्षा किताब सोडणं त्याने पसंत केलं. मग पळालं कोण?

माइक टायसनचंही तसंच. 1996 मध्ये लढत लांबवण्यासाठी टायसनच्या गोटातून लुईसला 40 लाख डॉलर दिले गेले. अखेर 2002 मध्ये मेम्फिसला लुईसने त्याला आठव्या फेरीत आडवं केलं. तोवर टायसन उतरणीला लागला होता, हे मान्य.

ऑलिव्हर मॅकॉल आणि हसीम रहमान यांनी त्याला हरवलं. दोघांनाही त्याने परत गाठून हरवलं.

टीकेला जागा एकाच ठिकाणी आहे. 2003 मध्ये विताली क्लिच्कोच्या जखमेमुळे लढत थांबवून लुईसला विजयी ठरवलं, तेव्हा क्लिच्को गुणांवर पुढे होता. ती लढत पुन्हा व्हायलाच हवी होती. लुईसने 2004 मध्ये निवृत्ती घेतली.