अनभिज्ञ कसं असावं

"मला माहीत नाही" असं सरळ बोलणं आधी बंद करा. ते शाळेतल्या पोरांचं वाक्य, त्यावर छडी बसते. मोठ्या माणसाने म्हणायचं, "सदर बाबतीत मी अनभिज्ञ आहे." बघा, लगेच बुडाखाली खुर्ची आल्यासारखं वाटतं की नाही? माहीत नसलेला माणूस बांधावर असला की अडाणी आणि मंत्रालयात असला की अनभिज्ञ, बाकी फरक काही नाही.

आता शब्द वापरायचा तर तो माहीत हवा (नसला तरी चालेल म्हणा, विषयच तो आहे). अभिज्ञ म्हणजे जाणकार, त्याला पुढून अन् चिकटवला की झाला अनभिज्ञ. कालिदासाच्या शाकुंतलाच्या नावात जे अभिज्ञान आहे ना, म्हणजे ओळखीची खूण, ती अंगठी, ते याचंच भावंड. आणि दुष्यंत म्हणजे आपलं दैवत! भर दरबारात स्वतःच्या बायकोबाबत अनभिज्ञ निघाला आणि खापर फुटलं कुणावर, तर दुर्वासांच्या शापावर आणि अंगठी गिळणाऱ्या माशावर. राजा मोकळा.

ही फोड मात्र चारचौघांत सांगत बसू नका. कारण लोकांनी 'अन' काढून उरलेला भिज्ञ कधीच वापरायला घेतलाय, "मी या प्रश्नाबाबत पूर्णपणे भिज्ञ आहे", ऐकून वाटतं साहेब पावसात छत्री विसरले. असा शब्द नाही हो, पण दुरुस्त करायला गेलात तर तुम्हीच आगाऊ ठरणार. त्याच्याही वरची पायरी म्हणजे "मी अनभिज्ञ नाही असं नाही". यात माहीत आहे की नाही हे बोलणाऱ्यालाच कळत नाही, तर ऐकणारा काय धरणार तुम्हाला, आणि ती बातमी टाइप करणारा तर अनभिग्न लिहून मोकळा होतो, ज्ञ सापडत नाही त्याला कीबोर्डवर.

माहितीचा अधिकार २००५ मध्ये आला, अनभिज्ञ राहण्याचा अधिकार आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. तिकडे अर्जाला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, इकडे मुदतच नाही, रिटायर होईपर्यंत अनभिज्ञ राहता येतं. फक्त सिग्नलला हवालदाराने अडवलं की हे अस्त्र म्यानात ठेवा. "हेल्मेटच्या नियमाबाबत मी अनभिज्ञ होतो" म्हटलं की तो शांतपणे मशीनमधून पावती काढतो, कायदा माहीत नव्हता ही सबब त्याच्याकडे चालत नाही.

आणि घरात तर अजिबात नको. परवा गॅसवरचं दूध उतू गेलं, मी मोबाईलमधून मान वर न करता म्हणालो, "आई, त्याबाबत मी अनभिज्ञ आहे." आई म्हणाली, "असूदे, फडकं कुठंय ते माहितीये ना? ऊठ."