‘कॅन्सर रक्तातच असतो, विडीला उगाच बदनाम करतात’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतून फिरणाऱ्या एका संदेशाचा मथितार्थ असा आहे: फुफ्फुसाचा ‘स्मॉल सेल’ हा अत्यंत आक्रमक कॅन्सर झालेल्या 44 टक्के रुग्णांमध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांना जन्मजात जनुकीय दोष सापडले, म्हणजे हा रोग आनुवंशिक आहे; आमचे आजोबा नव्वदीपर्यंत विड्या ओढत होते आणि शेजारच्या निर्व्यसनी बाईंना मात्र कॅन्सर झाला; तेव्हा थुंकीची जनुकीय चाचणी करून घ्यावी आणि ती निर्दोष आली की निर्धास्त राहावे. यातले पहिले विधान जवळजवळ खरे आहे, आणि त्याच्या आडोशाने बाकीची खपून जातात.

प्रथम त्या 44 टक्क्यांविषयी. अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थच्या संशोधकांचा हा अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. त्यात 87 रुग्णांची तपासणी झाली आणि सुमारे 44 टक्के रुग्णांत आईवडिलांकडून आलेले, रोगकारक ठरू शकणारे बदल आढळले. बीआरसीए2, सीएचईके1, आरएडी51डी अशी जी जनुके त्यात होती, त्यांचे काम डीएनएची मोडतोड दुरुस्त करण्याचे आहे. दुरुस्ती करणारा गवंडीच जन्मतः अर्धवट कुवतीचा असेल, तर भिंतीला पडलेले भगदाड बुजत नाही हे खरे. पण म्हणून भगदाड पाडणारा निर्दोष सुटत नाही. पाश्चात्त्य देशांतील नोंदींनुसार स्मॉल सेल कॅन्सरचे सुमारे 95 टक्के रुग्ण आज धूम्रपान करणारे तरी असतात किंवा पूर्वी करत असत. शिवाय 87 हा आकडा लहान आहे, आणि कोणती जनुके यादीत धरायची यावर टक्केवारी बरीच हलते. असे बदल असलेल्या रुग्णांत प्लॅटिनमयुक्त केमोथेरपीनंतर रोग उलटायला अधिक काळ लागला, हा त्या अभ्यासातील महत्त्वाचा निष्कर्ष. तो उपचार निवडण्याच्या कामाचा आहे. संदेशलेखकाला मात्र त्याची गरज वाटलेली दिसत नाही.

खरा घोटाळा दोन शब्दांचा आहे. ‘जनुकीय’ आणि ‘आनुवंशिक’ हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. प्रत्येक कॅन्सर जनुकीय असतो, कारण पेशीच्या जनुकांत बिघाड झाल्याखेरीज ती बेबंद वाढत नाही. परंतु हा बिघाड बहुतेक वेळा आयुष्यात कमावलेला असतो, वारशाने आलेला नसतो. स्मॉल सेल कॅन्सरच्या जवळजवळ प्रत्येक गाठीत टीपी53 आणि आरबी1 ही दोन संरक्षक जनुके निकामी झालेली सापडतात. 110 गाठींचा संपूर्ण जनुकसंच वाचणाऱ्या 2015 सालच्या अभ्यासाने हे पक्के केले. पण त्याच रुग्णांच्या रक्तातील निरोगी पेशींत ही जनुके बहुधा धडधाकट असतात. मग ती फुफ्फुसातच का मोडली?

याचे उत्तर 2010 साली एका पेशीमालिकेत, म्हणजे रुग्णाकडून घेऊन प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींत, जवळून पाहायला मिळाले. एका रुग्णाच्या अस्थिमज्जेत पसरलेल्या स्मॉल सेल कॅन्सरच्या पेशींतील डीएनए अक्षर न् अक्षर वाचला गेला, तेव्हा त्यात बावीस हजारांहून अधिक बदललेली अक्षरे निघाली. त्यांतील मोठा भाग ग्वानिनच्या जागी थायमिन येण्यासारख्या, तंबाखूच्या धुरातील रसायनांची ओळख पटवणाऱ्या बदलांचा होता. संशोधकांचा ढोबळ हिशेब असा निघाला की सरासरी पंधरा सिगारेटींमागे एक बदल कायमचा कोरला जातो. वारशाने आलेल्या दोषांची अशी सही नसते.

‘व्यसन लागणेसुद्धा जनुकांतच असते’ अशी पुष्टीही काहीजण जोडतात. त्यात तथ्य आहे. पंधराव्या गुणसूत्रावर निकोटिनच्या ग्राहींची, म्हणजे पेशीवर निकोटिन जिथे चिकटते त्या प्रथिनांची, जनुके आहेत आणि तेथील एका बदलाच्या प्रत्येक प्रतीमागे फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका सुमारे 30 टक्क्यांनी वाढतो, हे 2008 साली तीन संशोधकगटांनी स्वतंत्रपणे दाखवले. मात्र हा बदल असलेली माणसे अधिक ओढतात आणि त्यांना सोडणे जड जाते. कधीच न ओढणाऱ्यांत तो वाढीव धोका बहुतेक अभ्यासांत दिसत नाही.

आजोबांविषयी आदर राखून सांगावेसे वाटते की ते अपवादसुद्धा नाहीत. ब्रिटनमधील पुरुषांच्या आकडेवारीनुसार सतत सिगारेट ओढत राहणाऱ्यांपैकी सुमारे 16 टक्के जण वयाच्या पंचाहत्तरीपर्यंत फुफ्फुसाच्या कॅन्सरने दगावतात. म्हणजे बहुतेकांना तो गाठत नाही. परंतु साठीत सोडणाऱ्यांत हाच आकडा 10, पन्नाशीत सोडणाऱ्यांत 6, चाळिशीत सोडणाऱ्यांत 3 आणि तिशीत सोडणाऱ्यांत 2 टक्क्यांच्या आसपास येतो. सोडल्याने कोणाची वारशाची जनुके बदलत नाहीत, तरी धोका इतका उतरतो. सगळे रक्तातच लिहिलेले असते, तर तो उतरलाच नसता.

शेजारच्या बाईंचा रोग खरा, पण तो बहुधा निराळा. कधीच धूम्रपान न केलेल्यांत आढळणारा फुफ्फुसाचा कॅन्सर बहुतेक वेळा ‘अ‍ॅडिनोकार्सिनोमा’ (ग्रंथीसारख्या पेशींचा कॅन्सर) असतो, आणि त्यातील ईजीएफआर या पेशीच्या वाढीशी संबंधित जनुकाचा गाजलेला बदलही गाठीपुरता असतो. तो क्वचितच वारशाने येतो.

राहिली थुंकीची चाचणी. घरबसल्या मिळणाऱ्या किटमध्ये बरेचदा मोजकेच बदल तपासले जातात, त्यामुळे निर्दोष अहवालाचा अर्थ ‘यादीतले सापडले नाही’ एवढाच असतो. घरात अनेकांना कमी वयात कॅन्सर झाला असेल, किंवा कोणाला लहानपणी रेटिनोब्लास्टोमा (आरबी1च्या दोषाशी जोडलेला डोळ्याचा कॅन्सर) झाला असेल, तर चाचणीआधी जनुकीय समुपदेशन घ्यावे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. आणि अहवाल सदोष आला तर? टीपी53चा दोष वारशाने आलेल्या ‘ली-फ्रॉमेनी’ कुटुंबांच्या एका अभ्यासात, दोष असूनही न ओढणाऱ्यांच्या तुलनेत ओढणाऱ्यांना फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका सुमारे तिप्पट आढळला.