आधी ते पान दाखवा!

अहो जुनी पुस्तकं विकणारे, पहिली आवृत्ती आहे म्हणता ना? मग आवृत्ती आणि साल छापलेल्या पानाचा फोटो पाठवायला एवढं जिवावर का येतं? मुखपृष्ठाचे चार फोटो येतात, मलपृष्ठाचा येतो, सकाळी न मागता सुप्रभातही येतं. ते एक पान तेवढं येत नाही. 'जुनंच आहे सर, पिवळं पडलंय बघा.' पिवळं काय, उन्हात टाकलं तर गेल्या महिन्यातला पेपरही पडतो!

नेमाड्यांची 'कोसला' कादंबरी पहिल्यांदा १९६३ साली देशमुख आणि कंपनीनं काढली. मग पॉप्युलर प्रकाशनाचं नाव छापलेली प्रत पहिली आवृत्ती म्हणून माझ्या गळ्यात का मारताय? वर 'फिक्स रेट' आहेच.

सह्यांचा तर आनंदीआनंद. पुलं गेले जून २००० मध्ये. परवा एकानं त्यांच्या सहीची प्रत मोठ्या तोऱ्यात समोर ठेवली. उघडून बघतो तर पुनर्मुद्रण २००८! विचारलं, तर चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता म्हणतो, 'सही ओरिजिनल आहे सर, पुस्तक नंतरचं आहे.'

बरं, चुकून खरी प्रत मिळालीच, तर किंमत बॉलपेननं थेट अर्पणपत्रिकेवर, मागच्या पानावर उमटेल इतकी दाबून. पुठ्ठा सुटला म्हणून वर खाकी चिकटपट्टी. बाइंडरनं कडा अशा छाटलेल्या, की लेखकाच्या सहीतलं आडनाव अर्धंच उरलंय. आणि वरचं जॅकेट कुठंय विचारावं, तर 'ते फाटलं होतं, टाकून दिलं. आत पुस्तक पूर्ण आहे ना?'