म्यूटवर झालेलं प्रशिक्षण

परवा ग्रुपवर यू-विनच्या, म्हणजे लसीकरणाच्या नोंदी ठेवायच्या सरकारी पोर्टलच्या, ऑनलाइन प्रशिक्षणाची लिंक पडली. ‘सर्व एएनएम व एलएचव्ही यांनी मंगळवारी सकाळी ११ वाजता वेळेत जॉइन व्हावे. उपस्थितीचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकावा.’ मंगळवारी ११ वाजता आमचं लसीकरण सत्र असतं. लिंक टाकणाऱ्यालाही ते पाठ आहे, कारण त्या सत्राचा रिपोर्ट संध्याकाळी तोच मागतो.

मी सातपुड्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसी) आरोग्य सहाय्यिका, म्हणजे त्या मेसेजमधली एलएचव्ही आहे; एएनएम म्हणजे उपकेंद्रातल्या आमच्या नर्स. ती लिंक बघितली आणि एकदम जानेवारी २०२१ आठवला. तेव्हापासून पोटात साठलेलं आज लिहून टाकते. कुणाला लागलं तर लागू दे.

कोविड लसीचं प्रशिक्षण आम्हाला व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर झालं. एमओ सरांच्या (वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या) खोलीत एक लॅपटॉप, समोर आम्ही अकराजणी. अंतर ठेवून बसायचं होतं, म्हणून मागच्या चौघी व्हरांड्यात. तिथून पडद्यावरचं काही दिसत नव्हतं आणि रेंज गेली की पुढच्यांनाही काही ऐकू येत नव्हतं. पलीकडून आवाज यायचा, “सिस्टर, म्यूट करा, म्यूट करा.” कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली, ती साऱ्या जिल्ह्याने ऐकली. स्लाइड इंग्रजीत, बोलणं अर्धं हिंदीत. शेवटी “काही शंका?” आणि शंका विचारायला माइक सुरू करेपर्यंत “धन्यवाद”.

दोन तासांतला निम्मा वेळ कोविन या कोविड लसीच्या नोंदणी पोर्टलने खाल्ला. राहिलेल्यात पाच जणांची टीम. एकाने दारात नाव बघायचं, दुसऱ्याने कागदपत्र तपासून कोविनवर पडताळायचं, एकीने टोचायचं, बाकी दोघांनी गर्दी आवरायची आणि टोचलेल्यांना अर्धा तास बसवून ठेवायचं. खोल्या तीन हव्यात. प्रतीक्षा, लसीकरण, निरीक्षण. आमच्या उपकेंद्राला खोल्याच दोन, त्यातल्या एकीत डिलिव्हरीचं टेबल. बरं, हे आम्ही निभावलंच. मंडप घातला, शाळेचे बाक आणले. माणसं बसवायची कशी हे आम्हाला पोलिओने शिकवून ठेवलंय.

मग पोस्ट-टेस्ट. एका हुशार पोरीने आधी सोडवली, उत्तरं ग्रुपवर टाकली, सगळ्यांना १० पैकी १०. मीही तेच केलं, लपवत नाही. माझं प्रमाणपत्र अजून फोनमध्ये आहे.

माझा राग व्हीसीवर नाही. तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. १६ जानेवारीला देशभर लसीकरण सुरू व्हायचं होतं, आणि साथीत शंभर नर्सेस एका हॉलमध्ये कोंडणं हा शुद्ध वेडेपणा झाला असता. राग आहे तो ‘माहिती पोहोचली म्हणजे प्रशिक्षण झालं’ या समजुतीवर.

एक साधी गोष्ट सांगते. नेहमीच्या लसीकरणात पेंटा, टीडी या लसींची फोडलेली बाटली आम्ही परत आणतो. थंडी नीट राखली असेल, बाटलीवर तारीख घातली असेल आणि व्हीव्हीएम ठीक असेल, तर ती २८ दिवसांपर्यंत वापरता येते. व्हीव्हीएम म्हणजे लेबलवरचा तो छोटा चौकोन, उष्णता लागत गेली की गडद होत जातो. आमची नजर बाटली हातात घेतल्याबरोबर आधी तिथेच जाते. कोविशील्डच्या बाटलीवर तो चौकोनच नव्हता. आणि फोडल्यापासून ४ तासांत वापरायची, उरली तर टाकायची. स्लाइडवर ही एक ओळ होती. एकच.

बाहेरच्यांना वाटतं चूक नवख्या पोरी करतील. नाही हो. नवखी घाबरून दहादा विचारते. चूक करतो तो वीस वर्षांचा सराव असलेला हात, कारण तो डोक्याला विचारतच नाही. आमच्याकडे प्रशिक्षणानंतर जुन्या रिकाम्या बाटल्या घेऊन आपापसांत रंगीत तालीम केली. आमच्यातली सगळ्यांत कसलेली सिस्टर, जिच्या हाताची सुई लागलेली कळत नाही, तिने ‘फोडलेली’ बाटली झाकण पुसून शांतपणे कॅरिअरमध्ये, लस नेण्याच्या थंड डब्यात ठेवली. “उद्याच्या सत्राला होईल.” तिलाही १० पैकी १० होते! आम्ही हसलो, तीही हसली, पण रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून नियम केला. बाटली फोडली की आधी मार्करने तिच्यावर वेळ लिहायची आणि शेजारणीला मोठ्याने सांगायची. हे कुठल्या मॉड्यूलमधून आलं नाही, त्या हसण्यातून आलं.

त्याच महिन्याच्या शेवटी, ३१ जानेवारीला, पोलिओच्या दिवशी यवतमाळ जिल्ह्यात १२ बाळांना डोसऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं वाचली. कारवाई झाली, टीव्हीवर दिवसभर तेच. मी त्या बायांची बाजू घेत नाही, लेकरांच्या जिवाशी गाठ होती. पण आमच्या जेवणाच्या सुट्टीत त्या दिवशी कुणी “कशा काय चुकल्या?” असं म्हणालं नाही. टेबलावर सॅनिटायझर आणि डोस शेजारी, डोळ्यांत झोप नाही. आम्ही गुपचूप उठून आपापली टेबलं बघून आलो.

दुसरी गोष्ट अ‍ॅड्रेनलिनची. सत्राच्या ठिकाणी अ‍ॅनाफिलॅक्सिसचं (लसीने जिवावर बेतणारी तीव्र अ‍ॅलर्जी आली तर लागणारं) किट हवं, हे सगळ्यांना पाठ. किट होतंच. पण आमच्यातल्या किती जणींनी खऱ्या माणसासाठी त्यातला अ‍ॅड्रेनलिनचा अँप्यूल, म्हणजे इंजेक्शनची काचेची कुपी, कधी फोडला होता? मी विचारलं. शून्य. लस घेतल्यावर माणूस खाली बसला तर शंभरात नव्व्याण्णव वेळा ती भीतीने आलेली चक्कर असते (हा माझा अंदाज, आकडेवारी म्हणून कुठे फॉरवर्ड करू नका). नाडी मंद, अंग गार, आडवा केला की तोंडावर रंग परत. उरलेल्या एकाची नाडी जलद आणि बारीक, अंगावर गांध्या, श्वासाला घरघर. दोन्हींतला फरक मिनिटाच्या आत ओळखायचा. हे पडद्यावर वाचून येत नाही. नाडीवर बोट ठेवून, समोर कुणीतरी नाटक करत असताना यावं लागतं. आमच्या एमओ सरांनी एका दुपारी ते नाटक केलं, स्वतः जमिनीवर लोळून. पँट मळली. त्या अर्ध्या तासात आम्ही जे शिकलो ते दोन तासांच्या व्हीसीत नव्हतं.

आणि तिसरी गोष्ट तर कुठल्याच स्लाइडवर नव्हती, माणूस ‘नको’ म्हणाला तर काय बोलायचं. ‘लाभार्थ्याचे समुपदेशन करावे’ एवढंच. आमच्याकडे माणसं पावरी बोलतात, भिलोरी बोलतात, मराठीही त्यांना परकीच. लस घेतली की दोन दिवसांत माणूस मरतो, बाईला मूल होत नाही, या बातम्या आमच्याआधी पाड्यावर पोहोचल्या होत्या, आणि त्यांना रेंज लागत नव्हती. टीम दिसली की घरं रिकामी. तिथे कामाला आली ती पाड्यावरची आशा स्वयंसेविका. तिने सासूला आधी टोचून घेतलं, आठ दिवस सासूला हाताला धरून पाड्यात फिरवली. “बघा, जेवते, भांडते, काय झालंय हिला?” हे समुपदेशन. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि तिच्याकडून शिकून घ्यायलाही कुणी लिंक पाठवली नाही.

आता ऑनलाइनच्या बाजूचंही सांगते, नाहीतर म्हणाल बाई जुन्या वळणाची. कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर आधी २८ दिवस होतं, मार्चमध्ये ६ ते ८ आठवडे झालं, मे महिन्यात १२ ते १६ आठवडे. तिकडे कोव्हॅक्सिनचं आपलं वेगळंच. असे बदल कळवायला तालुक्याला बैठक बोलावली असती तर बैठक होईपर्यंत नियम पुन्हा बदलला असता. तिथे फोनच कामाला आला. आमच्या तालुक्यातल्या एका सिस्टरने घरातल्या घरात दोन मिनिटांचा व्हिडिओ केला होता, सिरिंजमध्ये बरोबर ०.५ मिली कसं घ्यायचं, बाटली कशी धरायची. मराठीत, मागे पोरगं रडतंय. तो आम्ही किती वेळा बघितला! सत्राच्या आदल्या रात्री, गाडीत, कुठेही. थांबवता येतो, मागे नेता येतो, आणि ‘एवढंही येत नाही का?’ असं तो कधी म्हणत नाही. सरकारच्या आयगॉट या ऑनलाइन प्रशिक्षणाच्या पोर्टलवर मॉड्यूल्स होती, जागतिक आरोग्य संघटनेचाही ऑनलाइन कोर्स होता. चांगलेच असतील. पण रडणाऱ्या पोराच्या आवाजासकट तो व्हिडिओच आमच्या हातात उतरला.

म्हणून म्हणते, फोनवर तेच द्या जे फोनवर शिकता येतं. छोटं, मराठीत, जमलं तर पावरीत, डाउनलोड करून ठेवता येईल असं. आणि हाताचं काम हातानेच शिकवा, पीएचसीच्याच पातळीवर, आठ-दहा जणींत, रिकाम्या बाटल्या घेऊन. याला निधी किती लागतो? चहाचे पैसे. पण झालं उलटंच. साथ संपली आणि प्रत्यक्ष प्रशिक्षणं काही पूर्वीसारखी परत आली नाहीत, कारण व्हीसीला प्रवासभत्ता द्यावा लागत नाही आणि उपस्थिती शंभर टक्के दिसते. लॅपटॉपसमोर एक बाई, स्क्रीनशॉटमध्ये अकरा नावं. डेटा मात्र आपापल्या खिशातला. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशा मानधनासाठी संपावर गेल्या, तेव्हा काही लोक म्हणाले, साथीत संप शोभतो का? माझ्या एका आशाचं महिन्याचं रिचार्ज तिच्या पोराच्या वह्यांमधून जात होतं. शोभेचं तुम्ही ठरवा.

मंगळवारच्या लिंकचं मी एवढंच केलंय. वर कळवलंय की ११ वाजता सत्र आहे, आम्ही दुपारी ३ नंतर जॉइन होऊ शकतो, नाहीतर रेकॉर्डिंग पाठवा. अजून उत्तर नाही, दोन निळ्या टिका आहेत. नवीन लागलेली सिस्टर विचारत होती, “मॅडम, फोन खिशात चालू ठेवून टोचू का? नाव तरी लागेल.” तिला म्हटलं, फोन कपाटात ठेव आणि मार्कर घे.