मामा, तासाभरातला निगेटिव्ह हा निगेटिव्ह नसतो

परवा रात्री मामांनी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली मला विचारलं, ‘तुमच्या लॅबमध्ये याचे किती घेतात? घरी येतात का?’ मामा ६४ वर्षांचे, शुगर जुनी. मी अकरा वर्षं बायोकेमिस्ट्रीच्या मशीनसमोर बसते. एरवी असले मेसेज मी न वाचता पुढे सरकवते. हा सरकवता आला नाही.

मेसेज थोडक्यात असा: छातीत दुखलं तर हॉस्पिटलात धावू नका. लॅबवाल्याला घरी बोलवून ‘ट्रॉप आय’ (म्हणजे ट्रोपोनिन आय ही रक्ताची टेस्ट) करून घ्या. निगेटिव्ह आली की हार्ट ठणठणीत, गॅसची गोळी घेऊन झोपा. हॉस्पिटलवाले तीच टेस्ट दोन-तीनदा लावून लुटतात आणि जरा आकडा वाढला की अ‍ॅटॅक म्हणून घाबरवतात. दोन लॅबचे आकडे कधी जुळत नाहीत, म्हणजे टेस्टच बोगस. आणि वाढलाच, तर लसणाचा रस घ्या, आठवडाभरात उतरतो.

टेस्ट बोगस असेल तर तिच्या भरवशावर झोपायचं कसं, एवढं तरी लिहिणाऱ्याने बघायचं होतं.

‘निगेटिव्ह आली की झोपा’ हे वाचून माझं डोकं फिरलं. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. स्नायूची पेशी मेली की ते फुटून रक्तात येतं, पण लगेच येत नाही. घरी येणारा मुलगा बहुतेक वेळा कार्ड आणतो: रक्ताचे थेंब टाकायचे, एक रेघ की दोन ते बघायचं. दुखणं सुरू झाल्यावर त्या कार्डावर दुसरी रेघ उमटायला तीन-चार तास लागतात, कधी त्याहून जास्त. तोवर केलेल्या टेस्टचा अर्थ एवढाच की अजून काही दिसलेलं नाही. म्हणजे दहाला दुखायला लागलं, अकराला रक्त दिलं, साडेअकराला ‘निगेटिव्ह’ वाचून दिवा मालवला, तर स्नायू मरायचा थांबलेला नाही, फक्त बघणारं कोणी उरलेलं नाही.

आमच्याकडची हाय सेन्सिटिव्हिटी मशीन याच्या कितीतरी आधी पकडते. तरीही तिथे एका नमुन्यावर रुग्णाला घरी सोडायचं तर आकडा अगदी तळाला हवा, दुखणं सुरू होऊन तीन तास उलटलेले हवेत आणि ईसीजी साफ हवा. नाहीतर तासा-दोन तासांनी दुसरा नमुना. आणि हृदयाची मोठी रक्तवाहिनी पुरती बंद झाली असेल तर ते बहुतेक वेळा ईसीजीवर दिसतं. तिथे डॉक्टर आमच्या रिपोर्टची वाट बघत नाहीत, बघूही नये. म्हणून तर रुग्ण आला की दहा मिनिटांत ईसीजी काढा म्हणतात. शिवाय नळी धोकादायक अरुंद झाली असूनही पेशी मेलेल्या नसल्या, तर ट्रोपोनिन नॉर्मलच राहतो.

आता लुटीचं. युरोप-अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून २०१८ साली हार्ट अ‍ॅटॅकची चौथी जागतिक व्याख्या दिली. त्यात नुसता वाढलेला आकडा पुरत नाही. तो चढताना किंवा उतरताना दिसला पाहिजे, आणि जोडीला दुखणं किंवा ईसीजीतला बदल असा पुरावा हवा. चढ-उतार एका नमुन्यात कसा दिसणार? दुसरी टेस्ट त्या व्याख्येतच आहे.

याच व्याख्येमुळे मेसेजमधली एक गोष्ट मला मान्य करावी लागते. ट्रोपोनिन वाढला म्हणजे अ‍ॅटॅकच, असं नाही. किडनीच्या रुग्णांत तो कायम थोडा वर असतो. सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्ग अंगभर भिनला तर), फुप्फुसात गुठळी अडकली तर, हृदयाच्या स्नायूला सूज आली तरी वाढतो. नुसता आकडा दाखवून कोणी अँजिओग्राफीची सही मागत असेल, तर प्रश्न विचारा. पण हॉस्पिटलात बसून विचारा.

आकडे जुळत नाहीत, कारण ट्रोपोनिन आयसाठी प्रत्येक कंपनीच्या टेस्टमधली प्रतिपिंडं, म्हणजे ट्रोपोनिनला पकडणारी प्रथिनं, वेगळी, त्यांची रेणू पकडायची जागा वेगळी, म्हणून नॉर्मलची हद्दही वेगळी. त्यात एक लॅब मिलिलिटरमध्ये लिहिते, दुसरी लिटरमध्ये. ०.०४ नॅनोग्रॅम प्रति मिली आणि ४० नॅनोग्रॅम प्रति लिटर हे एकच. रिपोर्टवर आकड्याशेजारी हद्द छापलेली असते, ती वाचायची.

लसूण! अ‍ॅटॅकनंतर ट्रोपोनिन आठवडा-दोन आठवड्यांत आपोआपच उतरतो. रस प्या, नका पिऊ. कोंबडं झाकलं तरी उजाडतंच की.

हे सगळं ग्रुपवर टाकलं तर मामांचं उत्तर, ‘बरं, पण किती घेतात?’ दर मी सांगितलेला नाही. १०८ नंबर तेवढा त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून दिलाय.

मामींना मात्र वेगळं सांगायचंय. केसांसाठी त्या रोज बायोटिनची गोळी घेतात, दहा मिलिग्रॅमची. शरीराची रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम. काही कंपन्यांच्या टेस्टमध्ये पकडणारं प्रतिपिंड बायोटिननेच बांधलेलं असतं. रक्तात बायोटिन फार झालं की ट्रोपोनिन खोटा कमी दिसतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, २०१७ मध्ये याचा इशारा दिला, तेव्हा असा रिपोर्ट आलेल्या एका रुग्णाच्या मृत्यूची नोंद त्यांच्याकडे होती. तेव्हा मामी, रक्त कुठलंही द्या, गोळीचं नाव आधी सांगा.