टेडी ताम्गोला ‘बिचारा’ म्हणणं आता पुरे

तिहेरी उडीवर बोलणारी चार माणसं एकत्र आली (आपल्याकडे ती चार जमवतानाच घाम फुटतो) की कधी ना कधी फ्रान्सच्या टेडी ताम्गोचं नाव निघतं आणि पाठोपाठ उसासा ऐकू येतो. ‘बिचारा! दुखापती नसत्या तर कुठे पोचला असता!’

मला हा उसासा अजिबात मान्य नाही. अहो, तो पोचला होता. 18 ऑगस्ट 2013, मॉस्कोची जागतिक स्पर्धा, अंतिम फेरीतली त्याची शेवटची उडी, 18.04 मीटर. सुवर्णपदक. तोपर्यंत 18 मीटरच्या पलीकडे वैध उडी मारणारी जगात दोनच माणसं होती: ब्रिटनचा जोनाथन एडवर्ड्स आणि अमेरिकेचा केनी हॅरिसन. हा तिसरा. वय 24.

18 मीटर म्हणजे किती, हे आपल्या क्रिकेटवेड्या डोक्यात चटकन शिरावं म्हणून सांगतो. खेळपट्टीवर या टोकाच्या बॅटिंग क्रीजपासून त्या टोकाच्या क्रीजपर्यंतचं अंतर भरतं 17.68 मीटर. म्हणजे आपण पळून काढतो ती एक धाव. मॉस्कोत रौप्य मिळालेल्या क्यूबाच्या पेद्रो पिचार्दोची उडी बरोब्बर 17.68 होती! ताम्गो त्याच्याही पुढे वीतभर नाही, चांगला फूटभराहून जास्त गेला. जमिनीला मध्ये फक्त दोनदा पाय लावून.

आणि त्या दोन पायांतच सगळी गोम आहे. लांब उडीवाला एकदा झेपावतो आणि वाळूत पडतो. तिहेरी उडीत फळीवरून झेपावल्यावर त्याच पायावर उतरायचं (लंगडी), तिथून दुसऱ्या पायावर (ढांग) आणि मग वाळूत. बघणाऱ्याची नजर पहिल्या झेपेवर नाहीतर शेवटच्या फेकीवर असते. खरा हिशेब मधल्या ढांगेत चुकता होतो. लंगडी फार उंच घेतली तर उतरताना गुडघा दुमडतो आणि ढांग चिमणीएवढी पडते. पूर्ण वेगात आलेलं शरीर एका पायावर आदळतं, त्या क्षणी पायावर वजनाच्या दहापटीहून जास्त भार येतो. हा भार वाळूवर नाही, धावपट्टीवर पडतो. आणि तिथे थांबायची सोय नाही, तिथूनच पुढची ढांग काढायची असते.

म्हणून ताम्गोच्या दुखापतींना नशिबाचा फेरा म्हणणं मला पटत नाही. 2011 मध्ये ओस्त्रावात 23 वर्षांखालील युरोपीय स्पर्धेच्या वॉर्म-अपमध्ये घोटा मोडला. लंडन ऑलिंपिक गेलं. मॉस्कोच्या सुवर्णानंतर काही महिन्यांतच नडगीचं हाड मोडलं. 2015 मध्ये टाचेमागची अकिलिसची शीर तुटली. 2016 मध्ये ऐन ऑलिंपिकच्या तोंडावर, फ्रान्सच्या राष्ट्रीय स्पर्धेत मांडीचं हाड मोडलं, रिओ गेलं. घोटा, नडगी, शीर, मांडी. ज्या पायांनी 18 मीटर दिले त्याच पायांनी त्याची किंमत वसूल केली. त्याने हळू पळून 17.20 वर समाधान मानलं असतं तर पाय कदाचित धड राहिले असते. मग आज ही पोस्ट कुणी लिहिली असती?

‘बिचारा’ न म्हणण्याचं दुसरं कारण त्याच्या चाहत्यांना आवडणार नाही. 2014 मध्ये त्याच्यावर वर्षभराची बंदी आली. औषध सापडलं नव्हतं, हे आधी स्पष्ट करतो. उत्तेजक चाचणीसाठी खेळाडूला रोजचा ठावठिकाणा आणि तो नक्की भेटेल असा रोजचा एक ठरलेला तास आगाऊ कळवून ठेवावा लागतो. यात तीनदा चूक झाली की बंदी. त्याची तीनदा झाली. जाचक नियम आहे? आहेच. आपल्या क्रिकेट बोर्डानेसुद्धा 2009 मध्ये याच कलमावरून केवढा गदारोळ केला होता. पण क्रिकेटपटूंच्या पाठीशी तेव्हा बोर्ड होतं, तिहेरी उडीवाल्याने फॉर्म निमूट भरायचा असतो. तेव्हा पायाचं हाड मोडलं ते खेळापायी, पण बंदीचं वर्ष गेलं ते स्वतःच्या ढिसाळपणापायी. दोन्ही एका ‘दुर्दैवा’त कोंबू नये.

ऑलिंपिक पदक नाही म्हणून कारकीर्द अपुरी, हे आपलं लाडकं गणित. बाकीचं कुणी मोजतच नाही. 2008 मध्ये ज्युनियर जगज्जेता. 2010 मध्ये दोहाला 17.90, इनडोअर जागतिक विक्रम, विशी जेमतेम ओलांडलेली. त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कला खुल्या मैदानात 17.98. पुढच्या वर्षी युरोपीय इनडोअर स्पर्धेत, पॅरिसमध्ये घरच्या प्रेक्षकांपुढे 17.92, आणि तेही एकाच स्पर्धेत दोनदा! एकदा विक्रम होतो तेव्हा लोक म्हणतात जमून आलं. दोनदा तोच आकडा आला की तोंडं बंद होतात.

हा 17.92 चा इनडोअर विक्रम जवळजवळ दहा वर्षं टिकला. तो मोडला बुर्किना फासोच्या ह्यूग फाब्रिस झँगोने, जानेवारी 2021 मध्ये फ्रान्समधल्या ऑबिएरला. 18.07. छपराखाली 18 मीटर ओलांडणारा पहिला माणूस. झँगोचा तेव्हाचा प्रशिक्षक कोण? टेडी ताम्गो. स्वतःचा विक्रम मोडायला लावणारे गुरू आपल्या कथाकीर्तनात पुष्कळ भेटतात. प्रत्यक्षात, टेप लावून मोजता येईल असा हा एक. त्याच वर्षी टोकियोत झँगोने 17.47 वर कांस्य घेतलं, बुर्किना फासोचं इतिहासातलं पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक. (सुवर्ण कुणाला? त्याच पिचार्दोला, आता पोर्तुगालकडून.) 2023 मध्ये बुडापेस्टला झँगो जगज्जेता झाला, गुरूने मॉस्कोत मिळवलं होतं तेच विजेतेपद घेऊन.

वेळ असेल तर मॉस्कोची 18.04 आणि ऑबिएरची 18.07 लागोपाठ बघा, शक्यतो स्लो मोशनमध्ये. झेप नि वाळू विसरा, नजर फक्त मधल्या ढांगेवर ठेवा.