शिक्का मिळेपर्यंत हलायचं नाही

ठाण्याच्या माणसाला सरहद्द ओलांडायला शिकवायची गरज नाही. आपली निम्मी हयात मुलुंड चेकनाक्यावर गेली आहे. 2024 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या गाड्यांचा टोल माफ झाला, तेव्हा मला तर चुकल्याचुकल्यासारखं झालं. काच खाली करायची, सुटे पुढे करायचे, पावती डॅशबोर्डवर फेकायची. मुंबईला जाण्यात तेवढीच काय ती परदेशवारी होती.

तेव्हा खरीखुरी सरहद्द ओलांडायची हौस तुम्हालाही आली असेल, आणि तीही पायी, तर उत्तर प्रदेशातल्या सोनौलीहून नेपाळात जाऊन आलेला माणूस म्हणून माझं ऐका.

सोसायटीच्या ग्रुपवर फक्त 'फॉरेन टूर' एवढंच टाका. देशाचं नाव कुणी विचारेपर्यंत सांगू नका. नेपाळ म्हटलं की लोक 'अच्छा, पशुपतिनाथ का?' असं म्हणून तुम्हाला थेट यात्रा कंपनीच्या बसमध्ये बसवतात. पासपोर्ट मात्र न्याच. भारतीयाला व्हिसा लागत नाही आणि मतदार ओळखपत्रावरही काम भागतं, हे मला ठाऊक आहे. पण त्या कार्डावरचा आपला फोटो आठवा. तो बघून जो देश आपल्याला आत घेतो, त्याला परदेश म्हणायला जीभ रेटत नाही.

निघताना गेटवरच्या वॉचमनला मोठ्या मनाने सांगा, "तुझ्या गावाला चाललोय." मी सांगितलं. त्याने विचारलं, "कुठे साहेब?" म्हटलं, सोनौली. तो म्हणाला, "आमचं अछाम. आम्ही बनबसावरून जातो. पुढे बस, मग चालत." मी म्हटलं, तेच ते. नेपाळ म्हणजे एकच गाव आहे आणि आपला वॉचमन त्याचा पोलीस पाटील आहे, असं धरून चाललं की नकाशा बघावा लागत नाही. बारा वर्षं तो आमचं गेट सांभाळतोय. त्याच्या जिल्ह्याचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं आणि कल्याण यायच्या आत विसरलो होतो. नंतर विचारून घेतलं, लेखासाठी.

गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे शंभरेक किलोमीटर जीप. दहावा माणूस मांडीवर आल्याशिवाय ती सुटत नाही. मुंब्रा-कळव्याचा सराव इथे कामी येतो.

सोनौलीत मात्र मन घट्ट ठेवा, कारण तिथेच माझा घात झाला. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता, पासपोर्ट वरच्या खिशात, चेहरा पासपोर्टातल्यासारखा मख्ख. समोर ट्रकांची रांग, धुरळा आणि पलीकडे कमान. माझ्या शेजारून एक सायकलवाला कॅरियरला गवताचा भारा बांधून परदेशात गेला. एक बाई कडेवर पोर आणि हातात कोबीचा गड्डा घेऊन गेली. गणवेशातली दोन मुलं भांडत भांडत गेली. देश बदलला, भांडण तेच राहिलं. मी चाललो. जवानाने बॅगेकडे बघितलं.

"कहाँ से?"

"ठाणे."

"चलिए."

संपलं! उलटतपासणीसाठी मी रेल्वेत दोन दिवस उत्तरं घोकली होती. सीमेवर दोन देशांच्या मध्ये जी मोकळी पट्टी सोडतात, तिला दशगजा म्हणतात. निदान तिथे तरी कुणी हटकेल म्हणून मी रेंगाळलो. हटकलं ते सायकलरिक्षावाल्याने. "भैरहवा?" म्हणजे पलीकडचं पहिलं शहर.

अशा वेळी हार मानू नका. पलीकडे 'अध्यागमन' अशी पाटी दिसेल. सत्यनारायणाच्या पूजेतला विधी वाटतो, पण तो इमिग्रेशन आहे. तसाच 'भन्सार' म्हणजे कस्टम. लिपी आपलीच, त्यामुळे आपण सगळं वाचतो आणि निम्मं चुकीचं समजतो. आत काही गोरे पर्यटक पंधरा दिवसांच्या व्हिसाचे तीस डॉलर मोजत होते. कसला मान होता त्या रांगेला! मी तिच्यात उभा राहिलो. खिडकीतले गृहस्थ पासपोर्ट बघून म्हणाले, "चाहिँदैन." म्हणजे 'लागत नाही'. मला 'चाहिये' ऐकू आलं, म्हणून मी पासपोर्ट आणखी आत सरकवला. त्यांनी तो हळूच परत सरकवला. असं तीनदा झालं. मागच्या बाई हसल्या, त्या जर्मन असाव्यात.

शिक्का नाही तर नाही, बाकीचं परदेशपण वसूल करा. नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं आहे. तेवढ्यावर जेट लॅग सांगता येतो. आपल्या शंभराचे तिथे एकशे साठ होतात आणि हा दर 1993 पासून हललेला नाही. पाचशेच्या नोटांचा रुबाब मात्र बरीच वर्षं घरी ठेवावा लागायचा. 2018 च्या डिसेंबरात नेपाळने शंभरावरच्या आपल्या नोटा बंद केल्या होत्या, तेव्हा शंभरांची गड्डी नेणारा शहाणा ठरायचा. रोज ये-जा करणाऱ्यांचं दुःख वेगळंच. 2023 मध्ये शंभर नेपाळी रुपयांवरच्या सामानालाही भन्सार लावायला सुरुवात झाली. म्हणजे आपले साडेबासष्ट. ती कोबीवाली बाई हिशेब करून गड्डा घेत असणार. आपण मात्र खुशाल जा, आपल्या बॅगेत चकली आहे.

तिथून लुंबिनी तासाभरावर. तिथे अशोकाचा स्तंभ आहे. राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर राजा स्वतः इथे आला, असं त्यावर कोरलंय, शिवाय गावाला करात सूट दिली तेही. मी तो लेख बराच वेळ बघत उभा राहिलो. आल्याची नोंद त्याने दगडात करून घेतली होती. आणि मला एक रबरी शिक्का मिळेना!

हे सगळं इतकं मोकळं का, हे शोधायच्या फंदात पडू नका. मी पडलो. 31 जुलै 1950 चा भारत-नेपाळ करार आहे, त्याचं सातवं कलम सांगतं की दोन्ही देशांनी एकमेकांच्या नागरिकांना राहणं, मालमत्ता, व्यापार, फिरणं यांत सारख्याच सवलती द्याव्यात. हे कलम वार्षिक सभेत वाचून दाखवू नका. आमच्या घोडबंदर रोडच्या संकुलात गेल्याच सभेत ठरलं, की वॉचमन आणि कामवाल्या बायकांनी सामानाच्या लिफ्टनेच जायचं आणि बाईंची पिशवी निघताना उघडून बघायची. ठराव एकमताने झाला. माझाही हात वर होता, सेक्रेटरी बघत होते.

परत आलो तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला. फोन बंद पडलेला. नेहमीचा वॉचमन दसैंसाठी, म्हणजे त्यांच्या दसऱ्यासाठी, अछामला गेलेला, गेटवर नवा पोरगा. त्याने दांडा खाली घेतला. नाव, फ्लॅट, कुणाला भेटायचं, कशासाठी. म्हटलं, मी इथेच राहतो. तो म्हणाला, सगळे असंच म्हणतात. इंटरकॉमवर बायकोने उचलेना. मग त्याने रजिस्टर पुढे ओढलं. "कुठून आलात?"

"नेपाळ," मी ताठ उभं राहून सांगितलं.

त्याने मान वर करून मला नीट पाहिलं, पासपोर्ट मागितला, पानं उलटी-सुलटी चाळली, नंबर उतरवून घेतला. मग एक चिठ्ठी फाडली, पॅडवर ठोकून तिच्यावर निळा, गोल, ठसठशीत शिक्का मारला आणि म्हणाला, "जाताना परत द्या."

दिलेली नाही. पासपोर्टात जपून ठेवली आहे.